बल्ब बदलण्याआधी चोक वाचा : रोपांवरचे सोडियम आणि मेटल हॅलाइड दिवे चालवण्याची पद्धत

घोडबंदर रस्त्यावरच्या फ्लॅटमधली बंद केलेली बाल्कनी असो किंवा रबाळे-महापे पट्ट्यातला भाड्याचा गाळा, सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिव्याखाली रोपे वाढवणाऱ्यांच्या हातून त्याच दोन चुका वारंवार होताना दिसतात. बल्ब पेटतो आहे तोवर तो चांगला आहे असे समजले जाते, ही पहिली चूक. आणि तो विझला की घरातला साधा बल्ब बदलावा तसा काढून बाजारातून आणलेला दुसरा फिरवून बसवला जातो, ही दुसरी. पहिलीमुळे लेट्यूस, ढोबळी मिरची किंवा ऑर्किड महिनोन्‌महिने अर्धपोटी राहतात. दुसरीमुळे नवा बल्ब जातो, कधी दिवा पेटवणारा इग्निटर जातो आणि कधी हात भाजतो.

पुढील मजकुरात 250 आणि 400 वॉटचे, तांब्याच्या चोकवर चालणारे, ई-40 मापाच्या आट्यांचे दिवे गृहीत धरले आहेत. तांब्याच्या चोकऐवजी इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट (चोकचेच काम करणारे यंत्र) असल्यास जोडणीपुरते त्यासोबतच्या पत्रकाप्रमाणे चालावे. बाकीचे टप्पे तसेच लागू होतात.

टप्पा 1 : बल्ब आणि चोक यांची जोडी जुळवणे

हा दिवा एकटा बल्ब नसतो. चोक प्रवाह आवरून धरतो, इग्निटर काही हजार व्होल्टचे झटके देऊन आतली नळी पेटवतो आणि कॅपॅसिटर पॉवर फॅक्टर सुधारून लाइनवरचा प्रवाह कमी करतो. 400 वॉटचा सोडियम बल्ब चोकमधून सुमारे 4.6 अँपिअर घेतो. 45 ते 50 मायक्रोफॅरडचा चांगला कॅपॅसिटर लावलेला असेल तर मेन लाइनवर त्याच्या जवळपास निम्माच प्रवाह दिसतो. 250 वॉटच्या सोडियमचा प्रवाह 3 अँपिअर असतो. हे आकडे चोकच्या पट्टीवर छापलेले असतात आणि खरेदीला निघण्याआधी त्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणे एवढीच खरी पूर्वतयारी आहे.

रस्त्यांवरचे सोडियमचे दिवे उतरून एलईडी आल्यापासून जुने चोक आणि ते बसवलेली लोखंडी खोकी भंगारात स्वस्तात मिळतात. ती घेण्यास माझी हरकत नाही, मात्र पट्टी वाचता येत नसेल तर तो चोक फुकट मिळाला तरी घेऊ नये. 400 वॉटच्या चोकवर 250 वॉटचा बल्ब लावला तर तो पेटतो, सुरुवातीला झगझगीत प्रकाशही देतो आणि पेलण्यापलीकडचा प्रवाह गेल्यामुळे लवकरच जातो. मेटल हॅलाइड असेल तर त्याची नळी फुटण्याचाही धोका असतो. उलट जोडीत, म्हणजे 250 च्या चोकवर 400 चा बल्ब लावल्यास, तो मंद आणि अवेळी विझणारा दिवा होतो. पाऱ्याच्या जुन्या दिव्याच्या खोक्यात तर इग्निटरच नसतो, त्यामुळे तिथे सोडियमचा बल्ब पेटणारच नाही.

सर्वांत फसवी जोडी मेटल हॅलाइडची असते. 400 वॉट एवढेच सांगून बल्ब आणला तर तो 4.6 अँपिअरचा, म्हणजे सोडियमच्या चोकवर चालणारा असू शकतो किंवा साडेतीन अँपिअरच्या आसपासचा, वेगळा चोक लागणारा असू शकतो. दुकानदाराला नुसते वॉट न सांगता वॉट आणि अँपिअर दोन्ही सांगावेत.

तपासणी : चोक, इग्निटर आणि बल्ब या तिन्हींवर लिहिलेले वॉट आणि प्रकार एकमेकांना चालणारे आहेत ना, आणि चोक व बल्बचा अँपिअर जुळतो ना, हे कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावे.

टप्पा 2 : जागा, वायरिंग आणि विजेचा हिशेब

400 वॉटचा दिवा चोकच्या उष्णतेसह सुमारे 440 वॉट घेतो. रोज 12 तास चालवल्यास महिन्याला जवळपास 158 युनिट होतात. ज्या घराचे बिल आधी दीडशे युनिटचे येत होते ते एवढ्याने 300 युनिटचा टप्पा ओलांडून वरच्या दराच्या स्लॅबमध्ये जाते, म्हणून दुसरा दिवा घेण्याआधी महावितरणचे मागील बिल समोर ठेवून बसावे. यातली बहुतेक सारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. 440 वॉट म्हणजे तासाला सुमारे 1,500 बीटीयू, अर्थात एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा आठवा भाग. मे महिन्यात खिडक्या लावून घेतलेल्या बाल्कनीत एवढी भर पुरेशी त्रासदायक होते; एक्झॉस्ट पंखा दिव्याच्या पातळीच्या वर, भिंतीच्या वरच्या अंगाला बसवावा.

दिव्यासाठी स्वतंत्र सी-प्रकारचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) घ्यावा. सुरू होताना कॅपॅसिटर क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, त्यामुळे बी-प्रकारचा एमसीबी विनाकारण पडतो. याच कारणाने प्लगमध्ये खोचायच्या स्वस्त टायमरचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात आणि दिवा रात्रभर सुरूच राहतो. टायमरने कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने दिवा. चोकच्या लोखंडी खोक्याला अर्थिंग द्यावेच लागते. सिडकोच्या जुन्या इमारतींत प्लगला तिसरी पिन असते, पण मागे अर्थिंगची तार जोडलेली असतेच असे नाही, म्हणून वायरमनकडून ती तपासून घ्यावी.

चोकचे खोके ट्रेच्या खाली जमिनीवर कधीही ठेवू नये. पाणी सांडते ते खालीच जाते. भिंतीवर, ट्रेच्या उंचीच्या वर, लाकूड किंवा प्लायपासून सुटे असे लावावे. इग्निटर मात्र बल्बच्या जवळ हवा. बल्बच्या अगदी नजीक लावण्याच्या प्रकाराचा इग्निटर दीड-दोन मीटरपेक्षा लांब गेला तर झटका वाटेतच क्षीण होतो. किती अंतर चालते ते त्याच्यावरच छापलेले असते. होल्डर चिनीमातीचा असावा आणि इग्निटरकडून येणारी तार त्याच्या मधल्या कॉन्टॅक्टला जोडलेली असावी, बाहेरच्या आट्यांना नव्हे. होल्डरपर्यंतच्या शेवटच्या हातभर तारेवर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवावी, कारण साधे पीव्हीसी आवरण तिथे कडक होऊन तडकते.

टप्पा 3 : रोजचे चालवणे

सोडियमचा बल्ब पूर्ण प्रकाशाला यायला साधारण 4 ते 5 मिनिटे घेतो. विझल्यावर तो लगेच पेटत नाही. सोडियमला एक ते काही मिनिटे आणि मेटल हॅलाइडला 10 ते 15 मिनिटे थंड व्हावे लागते. पावसाळ्यात लाइट जाऊन दोन मिनिटांत परत आली आणि दिवा अंधारातच राहिला की लोक स्विच चालू-बंद करीत राहतात. त्याने काहीही साधत नाही. हात मागे घेऊन पंधरा मिनिटे थांबावे.

लाइट गेल्यानंतर आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. चक्री फिरवण्याचा टायमर विजेवरच चालत असल्यामुळे तो तेवढा वेळ थांबतो. जूनपासूनच्या तीन-चार खंडांनंतर दिव्याची वेळ तासाभराने सरकलेली असते आणि दिवसाच्या लांबीवर फुलणाऱ्या झाडांच्या अंधाराचे गणित चुकते. प्रत्येक वेळी घड्याळाशी ताडून पाहावे, किंवा बॅटरी असलेला टायमर घ्यावा.

उंचीसाठी सुरुवात 400 वॉटला शेंड्यांपासून 45 सेंटिमीटर आणि 250 वॉटला 35 सेंटिमीटर अशी करावी. लेट्यूस आणि ऑर्किडसाठी 60 ते 90 सेंटिमीटरही योग्य ठरते. शेंड्याच्या पातळीवर हाताची मागची बाजू अर्धा मिनिट धरावी. चटका बसला तर पानालाही बसतोच आहे. फवारणी दिवा बंद करून, बल्ब थंड झाल्यावरच करावी, कारण बाहेरची काच कित्येकशे अंश तापलेली असते आणि एका थेंबानेही तडकू शकते.

इशारा : मेटल हॅलाइडची बाहेरची काच फुटूनही आतली नळी पेटत राहू शकते. अशा वेळी निघणारे अतिनील किरण डोळे आणि त्वचा भाजतात. त्याकडे न पाहता एमसीबी पाडावा. हा बल्ब पुढे काच असलेल्या बंद रिफ्लेक्टरमध्येच लावावा. उघड्या रिफ्लेक्टरला चालतो असे त्याच्यावर स्पष्ट लिहिले असेल तेवढाच अपवाद. रोपवाटिकेत दिवसरात्र चालणारा मेटल हॅलाइड आठवड्यातून एकदा किमान 15 मिनिटे बंद ठेवावा, म्हणजे आयुष्य संपलेली नळी पेटत्या अवस्थेत फुटण्याऐवजी पुन्हा पेटतानाच नकार देते.

टप्पा 4 : बल्ब केव्हा बदलायचा हे ठरवणे

सोडियम बल्बच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहिलेले 24,000 तास म्हणजे त्या प्रकारचे निम्मे बल्ब तोवर तग धरतात, एवढाच अर्थ. रस्त्याला ते पुरते; रोपांना पुरत नाही. प्रकाश त्याच्या खूप आधी उतरलेला असतो. माझा व्यवहार असा आहे की सोडियम 10,000 ते 12,000 तासांना आणि मेटल हॅलाइड 6,000 ते 8,000 तासांना उतरवायचा. रोज 12 तास चालणारा दिवा वर्षाला 4,380 तास भरतो, 18 तासांचा 6,570. म्हणजे 18 तास चालणारा मेटल हॅलाइड साधारण वर्षभराचाच सोबती आहे.

तासांबरोबर प्रकाशाचीही नोंद हवी. डोळ्यावर विसंबू नये. बाहुली लहान-मोठी होऊन तो पंचवीस टक्क्यांची घट सहज झाकून टाकतो. मोबाइलचे अॅपही नको. साधा लक्स मीटर घ्यावा, दिवा लावून किमान 15 मिनिटांनी, ट्रेच्या मध्यावर खूण केलेल्या एकाच जागी, एकाच उंचीवर आकडा घ्यावा आणि महिन्यातून एकदा वहीत लिहावा. समजा, नव्या बल्बचे पहिले 100 तास भरल्यावर 18,000 लक्स आले; तर 14,000 च्या खाली गेल्यावर तो बदलावा. सोडियमखाली साधारण 82 लक्स म्हणजे एक मायक्रोमोल (रोपांना उपयोगी पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक, दर चौरस मीटरला दर सेकंदाला) आणि मेटल हॅलाइडखाली 71, असा हिशेब धरला तर लेट्यूससाठीचे 200 मायक्रोमोल सोडियमखाली सुमारे 16,400 लक्स भरतात. नोंद घेताना व्होल्टेजही लिहावे. साध्या चोकवर व्होल्टेज 5 टक्के उतरले तर बल्बची शक्ती सुमारे 12 टक्के उतरते, त्यामुळे संध्याकाळच्या उतरत्या व्होल्टेजवर घेतलेला आकडा बल्बवर विनाकारण ठपका ठेवतो.

नेरूळच्या एका परिचितांचा ऑर्किडवरचा सोडियम दिवा दर काही मिनिटांनी विझून पुन्हा पेटत होता. त्यांनी आधी लाइनला दोष दिला, नंतर वायरमनला तीनदा बोलावून स्विच, टायमर आणि होल्डरची तार बदलून घेतली. दोष बल्बचाच होता. सोडियमच्या नव्या नळीवर सुमारे 100 व्होल्ट असतात; वय वाढते तसे ते चढत जातात आणि शेवटी चोकला पेलत नाहीत. बल्ब तापतो, विझतो, थंड होतो, पुन्हा पेटतो. हा खेळ दिसला की त्याच दिवशी बल्ब उतरवावा, कारण दर वेळी इग्निटर झिजत असतो. मेटल हॅलाइड सहसा असा इशारा देत नाही. त्याचा रंग गुलाबी किंवा हिरवट होतो, नळी काळवंडते. थंड बल्बची नळी फुगलेली दिसली तर तो पुन्हा पेटवूच नये.

टप्पा 5 : बल्ब उतरवणे आणि नवा चढवणे

या टप्प्यात क्रम मोडू नये.

1. टायमरने दिवा बंद असला तरी एमसीबी पाडावा. टायमर मध्येच चालू होतो तो नेमका हात होल्डरपाशी असताना.

2. किमान अर्धा तास थांबावे. ओल्या फडक्याने बल्ब गार करण्याचा उपाय कोणी सांगितला तर तो ऐकू नये.

3. कॅपॅसिटरचा विचार करावा. वीज बंद झाली तरी त्यात भार राहतो. जोडीचा रेझिस्टर शाबूत असेल तर तो मिनिटभरात उतरतो, पण जुन्या खोक्यांत तो जळालेला असतो. प्लग उपसून पिनांना बोट लागले आणि झिणझिणी आली, तर तो याचाच पुरावा असतो. खोके उघडायचे असेल तर वायरमन जो टेस्ट लॅम्प वापरतात, म्हणजे होल्डरमधला 100 वॉटचा साधा पिवळा बल्ब, त्याच्या दोन तारा कॅपॅसिटरच्या टोकांना क्षणभर लावून भार उतरवावा.

4. चष्मा आणि सुती हातमोजे घालून बल्ब डावीकडे फिरवावा. ऐरोली, कोपरी, बेलापूर अशा खाडीकाठी हवेतल्या खारटपणामुळे पितळी टोपी होल्डरच्या आट्यांत जखडते. जोर लावल्यास टोपी आणि काच यांमधला चिकटवा सुटतो, काच हातात येते आणि टोपी होल्डरमध्येच राहते. हे माझ्याकडून एकदा झाले आहे, अंगठ्याच्या खाली तीन टाके पडले. बल्ब हलत नसेल तर होल्डरसकट उतरवावा आणि दोन्ही बदलावेत. होल्डर बल्बपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो.

5. रिकामा होल्डर टॉर्च लावून पाहावा. मधल्या पातीवर हिरवट थर असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासावा. काळा खड्डा पडला असेल, पाती सैल झाली असेल किंवा चिनीमातीला चीर गेली असेल तर होल्डर बदलावा. आट्यांना ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नये.

6. रिफ्लेक्टर साबणाच्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा. नवा बल्ब लावून जुन्याच धुळीखाली ठेवणारे बरेच आहेत.

7. नवा बल्ब टप्पा 1 मधल्या कागदाशी ताडून पाहावा. सोडियमच्या मानेजवळ आरशासारखा चकाकता डाग असतो. तो दुधट झालेला असेल तर आत हवा शिरली आहे आणि बल्ब तिथूनच परत करावा. मेटल हॅलाइडवर टोपी वर, टोपी खाली किंवा आडवा यांपैकी कोणती स्थिती चालते ते छापलेले असते. उभ्या स्थितीचा बल्ब आडवा लावला तर नळीचा वरचा भाग अति तापतो.

8. कोरड्या स्वच्छ फडक्यात धरून हाताला सहज लागेल तेवढाच फिरवावा. सैल राहिला तर स्पार्किंग होते, फार घट्ट केला तर पुढच्या वेळी चौथी पायरी पुन्हा वाचावी लागते. ई-40 च्या जाड काचेवर बोटाचा डाग पडला तर बल्ब लगेच फुटत नाही, पण तेल करपून काच डागाळते; दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या बिनआवरणाच्या बल्बला मात्र उघडा हात अजिबात लावू नये.

तपासणी : एमसीबी उचलल्यावर दिवा पाच मिनिटांत पूर्ण प्रकाशाला आला, होल्डरमधून चरचर ऐकू आली नाही आणि चोकची गुणगुण नेहमीचीच आहे, असे झाले तर पहिली 15 मिनिटे त्याला मध्येच बंद करू नये. तारीख आणि तास चोकच्या खोक्यावर लिहावेत; बल्बवर कागद चिकटवू नये.

टप्पा 6 : नवा बल्बही पेटला नाही तर

सर्वांत आधी पुढील इशारा वाचावा. इग्निटर जोडलेला असताना होल्डरला मल्टिमीटर लावू नये. काही हजार व्होल्टच्या झटक्याने मीटर जातो आणि माणसालाही धोका असतो. वीज सुरू ठेवून करायची कोणतीही मोजणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

चांगला ठाऊक असलेला दुसरा बल्ब लावून पाहणे ही पहिली पायरी. तोही पेटत नसेल आणि इग्निटरची टिकटिक ऐकू येत असेल तर बहुधा होल्डर किंवा त्याची तार दोषी असते. टिकटिक नसेल तर चोकपर्यंत वीज येते का ते पाहावे; येत असेल तर वीज बंद करून त्याच प्रकारचा दुसरा इग्निटर लावावा. इग्निटर वेगळा केल्यावर होल्डरपाशी लाइनचे पूर्ण व्होल्टेज मिळत नसेल तर चोक तुटलेला आहे. कॅपॅसिटर फुगला किंवा त्याची क्षमता छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक उतरली, तर तो दिवा पेटतो तरी बदलावा. बिघाड सापडेपर्यंत दिवा चालू ठेवून झोपायला जाऊ नये; मेलेल्या बल्बवर इग्निटर रात्रभर झटके देत राहतो आणि सकाळी दोन वस्तू आणाव्या लागतात.

टप्पा 7 : नव्या बल्बाखाली रोपे आणणे

मंदावलेल्या प्रकाशाला सरावलेली पाने नव्या बल्बाखाली दोन दिवसांत फिकट पडून कडेने करपतात आणि लोक खताला दोष देतात. बल्ब बदलताना दिवा 15 ते 20 सेंटिमीटर वर घ्यावा आणि आठवड्याभरात हळूहळू खाली आणावा. 12 तासांच्या हिशेबाने नवव्या दिवशी 100 तास भरतात. लक्सची पहिली नोंद त्या दिवशी घ्यावी, आधी नव्हे. एका रॅकवर तीन दिवे असतील तर तिन्ही एकदम बदलू नयेत, महिन्या-महिन्याच्या अंतराने बदलावेत.

टप्पा 8 : जुना बल्ब देऊन टाकणे

या बल्बांत पारा असतो आणि ई-कचऱ्याच्या नियमांत पारा असलेले दिवे समाविष्ट आहेत. नव्या बल्बच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना ठेवून तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या ई-कचरा केंद्राकडे द्यावा. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नाही. घरात फुटलाच तर मुलांना बाहेर काढून, पंखा आणि एसी बंद करून, खिडक्या उघड्या टाकून अर्धा तास खोली सोडावी. मग हातमोजे घालून पुठ्ठ्याच्या तुकड्याने काचा उचलाव्यात, बारीक कण ओल्या कागदाने टिपावेत आणि सारे झाकणाच्या बरणीत भरावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवल्यास पारा खोलीभर पसरतो.

जुना चोक भंगारवाला तांब्यासाठी आनंदाने नेतो आणि त्याच पोत्यात बल्बही टाका म्हणतो. चोक द्यावा. बल्ब पोत्यात गेला की पुढच्या जिन्यापर्यंतही शाबूत राहत नाही.